तक्रार निकाली, खड्डा जागेवर: नागरिकाच्या हातातल्या सरकारी सेवांचं परीक्षण

रात्रीच्या बातम्या बघून संतापायचं, सोसायटीच्या ग्रुपवर खड्ड्याचा फोटो टाकायचा, खाली चार जणांनी हात जोडले की विषय संपला. महाराष्ट्रातल्या शहरांत हे रोज चालतं. संताप खरा असतो, कारण कर भरलेला असतो आणि रस्ता फुटलेला असतो. पण त्या संतापातलं काहीच कार्यालयाच्या आवक नोंदवहीपर्यंत पोचत नाही. ज्याला आवक क्रमांक नाही ते कोणाला कळवलंच नव्हतं, असं सरकारी कामात धरलं जातं.

दाद मागायच्या वाटा कमी नाहीत. 'आपले सरकार' तक्रार पोर्टल, केंद्राचं तक्रार पोर्टल सीपीग्राम्स, महापालिकांची ॲप, लोकशाही दिन, लोकसेवा हक्क कायदा आणि माहितीचा अधिकार, सगळं उपलब्ध आहे, बरंचसं घरबसल्या. अडचण अशी की कोणतं हत्यार कुठे चालतं हे कोणी सांगत नाही. माणूस चुकीच्या खिडकीवर उभा राहतो, दोनदा परत येतो आणि तिसऱ्यांदा जातच नाही.

या सेवा तपासताना दोनच कसोट्या लावल्या आहेत. मुदत उलटली तर कोणाच्या खिशाला चाट बसते? आणि प्रकरण बंद करायचा अधिकार कोणाच्या हातात असतो? संकेतस्थळ दिसतं कसं, ॲप किती पटकन उघडतं, या गोष्टी त्यापुढे किरकोळ आहेत.

तक्रार पोर्टल: तारखेचा पुरावा म्हणून उत्तम, उपाय म्हणून कच्चं

राज्याचं 'आपले सरकार' तक्रार निवारण पोर्टल जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालं. मोबाइल क्रमांकावर ओटीपी येतो, जिल्हा किंवा मंत्रालयीन विभाग निवडायचा, तक्रार लिहायची, फोटो किंवा पत्र जोडायचं, की टोकन क्रमांक मिळतो. सुरुवातीपासून आश्वासन आहे २१ कामाच्या दिवसांचं. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरल्या तर हा महिन्याभराचा मामला होतो, हे आधीच लक्षात ठेवावं.

केंद्राच्या सीपीग्राम्सवर ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर मुदत २१ दिवसांची झाली. त्याआधी ती ३० होती आणि त्याहीआधी ४५. उत्तर पटलं नाही तर अभिप्रायात असमाधान नोंदवून ३० दिवसांत अपील करता येतं. पोस्ट, रेल्वे, भविष्य निर्वाह निधी, बँका, पासपोर्ट यांच्यासाठी हे पोर्टल खरोखर उपयोगी आहे. मात्र गल्लीतल्या गटाराची तक्रार 'दिल्लीला कळवली की वजन पडेल' म्हणून इथे टाकणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय. ती तक्रार राज्याकडे येते, राज्याकडून नगरविकास विभागाकडे, तिथून महापालिकेकडे, आणि शेवटी त्याच कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर जाते जिथे ती पहिल्या दिवशी वॉर्ड ऑफिसातून पोचली असती.

पहिल्या कसोटीवर ही दोन्ही पोर्टल नापास होतात. मुदत चुकली म्हणून अधिकाऱ्याला ठरावीक दंड नाही. दुसऱ्या कसोटीवरही तीच गत: ज्याच्या कामाबद्दल तक्रार, त्याच्याच कार्यालयाचा अहवाल जोडून ती निकाली निघते. 'संबंधित विभागास कळविण्यात आले आहे' एवढ्या शेऱ्यावर तक्रार बंद होऊ शकते, हा या रचनेतला मूळ दोष आहे. कळवणं आणि करणं या दोन गोष्टी पोर्टलच्या लेखी एकच ठरतात. जागेवर जाऊन काढलेला, तारीख आणि ठिकाण दाखवणारा फोटो जोडल्याशिवाय तक्रार बंदच होऊ नये, अशी सक्ती सगळीकडे असायला हवी.

तरीही तक्रार नोंदवायचीच, आणि ती नीट नोंदवायची. बहुतेक तक्रारी फसतात त्या लिहिण्यात. 'आमच्या भागातले रस्ते खराब, दिवे बंद, कचरा पडलेला' अशी एकत्र तक्रार कोणत्याच विभागाची नसते. रस्ता, विद्युत आणि घनकचरा ही तीन वेगळी खाती, म्हणून तीन वेगळ्या तक्रारी. ठिकाण लिहिताना 'चौकाजवळ' चालत नाही. सगळ्यात जवळच्या पथदिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहा. तो खांबावर रंगवलेला असतो आणि विद्युत विभागाच्या यादीत तोच असतो. खड्डा असेल तर लांबी, रुंदी आणि खोली फुटात लिहा, पावलांनी मोजलेली चालते. फोटो दोन: एक जवळून, एक लांबून, आणि लांबच्या फोटोत ओळखू येईल अशी पाटी किंवा इमारत हवी. शेवटी एक वाक्य: 'केलेल्या कामाचा दिनांकासह फोटो जोडल्याशिवाय तक्रार बंद करू नये.' ते बंधनकारक नाही, पण पुढच्या अपिलात त्याचा आधार मिळतो.

आणखी एक मोठी गफलत म्हणजे रस्ता कोणाचा हे न बघणं. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, काही रस्ते विकास महामंडळाकडे. मुंबई महानगर प्रदेशात एमएमआरडीए, म्हणजे तिथलं विकास प्राधिकरण, वेगळं. रस्ता उकरून ठेवलेला असेल तर तो बहुधा केबल, गॅस किंवा पाण्याच्या वाहिनीसाठी परवानगी घेऊन खोदलेला असतो आणि तो पूर्ववत करण्याचं शुल्क महापालिकेने आधीच भरून घेतलेलं असतं. अशा वेळी 'खड्डा बुजवा' लिहू नका. 'खोदाई परवानगीनुसार चर पूर्ववत केलेला नाही' असं लिहा. कागद बदलतो, टेबल बदलतं आणि उत्तरही बदलतं.

टोकन क्रमांकाचं मोल ऑक्टोबर २०२५ नंतर फार वाढलं आहे. खड्ड्यांबाबतच्या स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने त्या महिन्यात स्पष्ट आदेश दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमीला दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई. खड्डा लक्षात आणून दिल्यापासून ४८ तासांत तो हाताळला गेला पाहिजे, नाहीतर ती घोर निष्काळजी समजली जाईल. भरपाई ठरवायला समिती आहे. महापालिका क्षेत्रात तीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. दिलेली रक्कम दोषी अधिकारी आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचं धोरणही त्यात आहे. म्हणजे खिशाला चाट बसण्याची सोय इथे न्यायालयाने केली. ते ४८ तास कधी सुरू झाले हे सिद्ध करायला तारीख-वेळ असलेली नोंद लागते, आणि ती पोर्टल फुकट देतं. म्हणून तक्रार केल्यावर पोचपावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पोर्टलवरची जुनी नोंद दिसेनाशी झाली तरी तुमच्याकडची राहते.

लोकशाही दिन

अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो हा दिवस: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकांत, तिसऱ्या सोमवारी तहसील पातळीवर. वरिष्ठ अधिकारी समोर बसलेला असतो आणि संबंधित खात्याचा माणूस शेजारी, ही त्याची ताकद. पण नियम माहीत नसल्याने अर्धे लोक हात हलवत परत जातात. जिल्हा आणि महापालिका पातळीवर अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, १५ दिवस आधी द्यावा लागतो. त्याच दिवशी अर्ज घेऊन जाऊन उपयोग नाही. तक्रार वैयक्तिक स्वरूपाचीच हवी. 'आमच्या वॉर्डातले सगळे दिवे' हा विषय चालत नाही; 'माझ्या घरासमोरच्या गटाराचं पाणी माझ्या घरात शिरतं' हा चालतो. न्यायालयात असलेली प्रकरणं, नोकरीविषयक बाबी आणि माहिती अधिकारातले अर्ज इथे घेत नाहीत. या चौकटीत बसत असेल तर जरूर जावं, कारण वरिष्ठांसमोर तोंडी दिलेल्या तारखेला खात्याला उत्तर द्यावं लागतं.

लोकसेवा हक्क कायदा: सगळ्यात कमी वापरलेलं, सगळ्यात नेमकं

दाखले, परवाने, नोंदी, नळजोड, मालमत्तेच्या नावात बदल अशा कामांसाठी तक्रार पोर्टलकडे जाणं चूक आहे. त्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला ठरलेली मुदत, ठरलेलं शुल्क, एक पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याची तो) आणि दोन अपील अधिकारी असतात. ही यादी कार्यालयात दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. फलक जुना, फाटका किंवा कपाटामागे असेल तर तेही लेखी कळवावं.

रचना सरळ आहे. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ३० दिवसांत दुसरं, आणि तिसरं अपील राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे ६० दिवसांत. सबळ कारणाशिवाय उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. रक्कम मोठी नाही, पण ती पगारातून जाते आणि नोंद होते, म्हणून या कायद्याचा नुसता उल्लेखही फाइल हलवतो.

इथे बिघडतं ते पोचपावतीपाशी. काउंटरवर 'अर्ज ठेवून जा, बघतो' म्हणतात आणि माणूस अर्ज ठेवून येतो. पोच नाही म्हणजे मुदत सुरूच झाली नाही. दुसरी युक्ती म्हणजे तुकड्यातुकड्यांनी त्रुटी काढणं: आज रहिवासाचा पुरावा, पुढच्या आठवड्यात फोटो, त्यानंतर प्रतिज्ञापत्र. यावर उपाय असा की पहिली त्रुटी निघाली त्याच दिवशी लेखी मागावं, 'अर्जातील सर्व त्रुटी एकत्रित आणि लेखी कळवाव्यात.' अर्ज शक्यतो 'आपले सरकार' सेवा पोर्टलवरून किंवा केंद्रातून करावा, म्हणजे तारीख आपोआप पडते. एजंटाला पैसे देऊन काम लवकर झाल्यासारखं वाटतं, पण अर्ज त्याच्या लॉगिनमधून गेला तर अपिलाचे संदेशही त्याच्याच मोबाइलवर जातात. दंडाची तरतूद असलेला कायदा हाताशी असताना लोक चिरीमिरी देतात, हे पाहून मनापासून वाईट वाटतं.

माहितीचा अधिकार: दहा रुपयांतलं सर्वांत दमदार हत्यार

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. महाराष्ट्रात त्याआधीच, २००२ मध्ये, राज्याचा स्वतःचा कायदा झाला होता, त्यामुळे इथल्या कार्यालयांना या अर्जाची ओळख जुनी. अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा असतो. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. विनाकारण उशीर झाला तर जन माहिती अधिकाऱ्याला (अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला) दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये शास्ती, म्हणजे दंड. पहिल्या कसोटीवर कागदोपत्री तरी हीच सेवा अव्वल आहे.

राज्य सरकारच्या आणि पालिकांच्या कार्यालयांसाठी अर्ज 'जोडपत्र अ' नमुन्यात, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो. केंद्राच्या कार्यालयाला मात्र महाराष्ट्राचा कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा केंद्राचं ऑनलाइन पोर्टल. एवढ्या एका चुकीने कितीतरी अर्ज परत येतात. टपालाने पाठवायचा तर स्पीड पोस्ट करा, कारण जुनी रजिस्टर सेवा २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा, सोसायटीच्या लेटरहेडवर नको, कारण कायदा हा हक्क नागरिकाला देतो.

महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीने दोन मर्यादा घातल्या: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. केंद्राकडे ही मर्यादा ५०० शब्दांची आहे. १५० शब्दांवर बरीच टीका झाली. विषय एकच ठेवण्याच्या सक्तीने अर्ज नेमका होतो हे खरं, पण जेमतेम लिहिता येणाऱ्या माणसाला शब्द मोजायला लावणं बरोबर नाही.

सगळा खेळ प्रश्न विचारण्यात आहे. 'रस्ता तीन महिन्यांत का उखडला?', 'याला जबाबदार कोण?' असे प्रश्न नागरिक म्हणून रास्त आहेत, पण या कायद्यात त्यांना उत्तर मिळत नाही. कार्यालयाकडे जे अभिलेखात, म्हणजे जपलेल्या कागदपत्रांत, आहे तेच द्यायचं असतं. नवी माहिती तयार करणं किंवा मत देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून 'का' विचारू नका, कागदाचं नाव घ्या. रस्त्यासाठी हा मजकूर पुरतो:

'विषय: अमुक रस्ता, अमुक चौक ते अमुक चौक, डांबरीकरण. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते अर्जाचा दिनांक. पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. १) कार्यारंभ आदेश. २) मंजूर अंदाजपत्रक. ३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची पाने. ४) निविदेतील दोष दायित्व कालावधीबाबतच्या अटींचे पान. ५) गुणवत्ता तपासणीचे अहवाल. ६) काम पूर्णत्वाचा दाखला. ७) दोष दायित्व कालावधीत कंत्राटदारास दुरुस्तीसाठी पाठवलेली पत्रे. ८) सुरक्षा अनामत परत केली असल्यास त्याचा आदेश.'

यातला सातवा मुद्दा सर्वांत बोलका. रस्ता दोष दायित्व कालावधीत, म्हणजे हमीच्या काळात, खराब झाला तर कंत्राटदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्याला एकही पत्र गेलेलं नसेल तर उत्तरात 'माहिती निरंक' (काहीच नाही) असं येतं, आणि पुढच्या पत्रव्यवहारात हे दोन शब्द पानभर तक्रारीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी लिहिलेली असते. ती अंदाजपत्रकातल्या जाडीशी ताडून बघा. उखडलेल्या कडेला पट्टी लावून मोजता येते, फोटो काढता येतो. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. हा हक्क फार कमी लोक वापरतात.

अर्ज गेल्यावर बहुधा शुल्काचं पत्र येतं: अमुक पाने, पानाला २ रुपये. ते भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. पण ३० दिवस उलटून गेल्यावर शुल्क मागितलं तर कलम ७(६) दाखवा. मुदत चुकली की माहिती विनामूल्य द्यावी लागते.

प्रती मागण्याआधी फाइल बघायला जाणं अनेकदा जास्त शहाणपणाचं ठरतं. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही लागत नाही. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. टिपणीची पानं वाचली की निर्णय कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होता ते दिसतं, आणि मग १५० शब्दांत नेमक्या पानांचे क्रमांक मागता येतात. अर्ज करून फाइल पाहायला गेलात तर पेन जमा करावं लागतं, टिपणं शिसपेन्सिलने घ्यायची. नियमच तसा आहे, वाद घालू नका. पेन्सिल घेऊन जा. या सोमवारच्या सोयीइतकी चांगली आणि इतकी कमी माहीत असलेली सेवा दुसरी नाही. कर्मचारी 'असा काही नियम नाही' म्हणाला तर दाखवायला शासन निर्णयाची छापील प्रत सोबत ठेवा.

नकाराची कारणं ठरलेली असतात आणि बहुतेकांना उत्तर कायद्यातच आहे. 'आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही' म्हणून अर्ज परत करता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. 'माहिती विस्तृत आहे' हे नकाराचं कारण नाही. कलम ७(९) फार तर माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची ते बदलू देतं. 'माहिती कशासाठी हवी?' असं विचारायला कलम ६(२) मनाई करतं. 'नस्ती सापडत नाही' ही सबब कलम ८ मधल्या अपवादांत कुठेही नाही. अशा वेळी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करून शोध घेतल्याचा लेखी अहवाल मागावा. गहाळ झालेल्या कितीतरी फाइली या एका ओळीनंतर सापडतात. 'चौकशी सुरू आहे' एवढंही पुरत नाही; माहिती दिल्याने चौकशीत अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं.

एक नकार मात्र आता खरोखर अवघड झाला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आधी वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल, किंवा व्यापक जनहित असेल, तर ती देता येत असे. शिवाय विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, असं परंतुक होतं. ते सगळं वगळून आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. ठेकेदाराचं नाव, अधिकाऱ्याची सही, लाभार्थ्यांची यादी यांवर हा शिक्का मारण्याचा धोका उघड आहे. हा बदल नागरिकाच्या हातातून मोठं काहीतरी काढून घेणारा आहे. उरलेला आधार कलम ८(२): जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम १०: नाव झाका, बाकी पान द्या. अर्जातच लिहावं, 'वैयक्तिक तपशील वगळून उर्वरित भाग कलम १० नुसार द्यावा.'

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत 'जोडपत्र ब' मध्ये पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. केंद्राकडे पहिल्या अपिलाला शुल्क नाही. अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयातला वरिष्ठ असतो, त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सुनावणीला जावंच. मुद्दा क्रमांक, मागितलेली माहिती, मिळालेली माहिती आणि काय राहिलं, असा चार रकान्यांचा एक कागद सोबत न्या आणि तो नस्तीला लावायला सांगा. रागाने बोलण्यापेक्षा हा कागद जास्त काम करतो. बरीच माहिती याच टप्प्यावर मिळते.

यापुढे सेवेचा दर्जा कोसळतो. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, 'जोडपत्र क' आणि २० रुपयांचा स्टॅम्प. खंडपीठं बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती इथे. प्रलंबित अपिलांच्या बाबतीत महाराष्ट्राचा आयोग देशात सर्वांत जास्त बोजा असलेल्या आयोगांपैकी आहे, आयुक्तांची पदं रिकामी राहतात आणि सुनावणीची तारीख यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. दुसऱ्या अपिलाच्या निर्णयाला कायद्यात कमाल मुदतच नाही, ही या चांगल्या कायद्यातली सर्वांत मोठी भेग. शास्ती लावण्याचा अधिकार फक्त आयोगाला असल्याने, २५,००० रुपयांची भीती प्रत्यक्षात पातळ होऊन जाते. आणि एक खबरदारी: माहिती हवी असेल तर कलम १८ ची तक्रार करू नका, कलम १९(३) चं अपील करा. तक्रारीत शास्ती होऊ शकते पण माहिती द्यायचा आदेश मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवलं आहे. वर्षभर थांबून हे कळणं फार क्लेशदायक असतं.

म्हणून हा अर्ज असा लिहावा की आयोगापर्यंत जायची वेळच येऊ नये: कागद नेमके, पानं थोडी, कालावधी छोटा. दहा वर्षांची सगळ्या वॉर्डांची माहिती मागणारे अर्ज कार्यालय अडवतात आणि आपणही वाचत नाही. व्यक्तीवर सूड उगवायला किंवा कंत्राटदाराला घाबरवून पैसे काढायला हा कायदा वापरणारेही आहेत. त्यांच्यामुळे साध्या नागरिकाच्या अर्जाकडेही संशयाने बघितलं जातं आणि मर्यादा घालायला सरकारला निमित्त मिळतं.

कागद हातात आल्यावर बरेच जण तिथेच थांबतात, फोटो ग्रुपवर टाकतात. खरं काम त्यानंतरचं आहे. शहर अभियंत्याला एका पानाचं पत्र लिहा: कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, दोष दायित्व कालावधी संपण्याची तारीख, तक्रारीचे टोकन क्रमांक, फोटो, आणि मागणी एकच, 'कंत्राटदाराकडून त्याच्या खर्चाने दुरुस्ती करून घ्यावी, तोपर्यंत सुरक्षा अनामत परत करू नये.' प्रत आयुक्तांना, प्रभागातल्या नगरसेवकांना आणि लेखापरीक्षण विभागाला. २०२२ पासून कित्येक महापालिकांत वर्षानुवर्षं प्रशासक होते, प्रत पाठवायला निवडून आलेला माणूसच नव्हता. आता नगरसेवक असतील तिथे त्यांना सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायला हा तयार कागद मिळतो. पत्र आवक विभागातच द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. दोष दायित्व कालावधी संपायला दोन-तीन महिने उरले असतील तर उद्याच द्या, कारण ती तारीख गेली की त्याच रस्त्याची दुरुस्ती नव्या निविदेतून, पुन्हा कराच्या पैशातून होते.